फराळाच्या पार्सलात ट्रॅकर टाकू का?

एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा फौजेत, पत्ता 'द्वारा ५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). गेल्या दिवाळीला पाठवलेलं फराळाचं पार्सल त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. या वर्षी भाच्याने जेल रोडवरून एक छोटा ब्लूटूथ ट्रॅकर, म्हणजे टॅग, आणून दिलाय. तो म्हणतो, चिवड्याच्या डब्याखाली ठेव, पार्सल कुठवर गेलं ते घरबसल्या दिसेल. ताईंना धाकधूक वाटतेय. यातून मुलाला काही धोका आहे का, हा पहिला प्रश्न. आणि असलाच तर कोणीही वाईट हेतूने असा ट्रॅकर पाठवू शकेल, मग फौजेत तो पकडला जात नाही का, हा दुसरा.

ताई, पहिल्याचं उत्तर सरळ आहे: टाकू नका. दुसऱ्याला जरा वेळ द्यावा लागेल, कारण ते जागेवर, आसपासच्या फोनांवर आणि टॅग कोणत्या कंपनीचा आहे त्यावर ठरतं. मी लष्कराचं संदेशवहन सांभाळणाऱ्या सिग्नल कोरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं इंदूरजवळच्या महूत काढली. आता राजेंद्रनगरला राहतो आणि लोकांची ऑफिसं, गाड्या, कधी घरं तपासून देतो: कुठे मायक्रोफोन, जीपीएस किंवा असा टॅग लपवलाय का ते बघायचं. म्हणजे टपालाची वाट बघत बसलेला जवान मी होतो, आणि टॅग हुडकणारा माणूस आता आहे.

आधी पत्त्याकडे बघा. मुलाचा नंबर, हुद्दा, नाव, युनिट, 'द्वारा ५६ एपीओ' आणि ९ ने सुरू होणारा पिन. यात गाव नाही, जिल्हा नाही, राज्य नाही. बाहेरच्या माणसाने पत्र पेटीत टाकलं की ते लष्कराच्या बेस पोस्ट ऑफिसात जातं. अशी मध्यवर्ती ऑफिसं दोन, एक दिल्लीला आणि एक कोलकात्याला. युनिट सध्या कुठे आहे हे तिथून पुढच्या लोकांनाच ठाऊक असतं. युनिट हललं तरी तुमच्याकडचा पत्ता बहुतेक तोच राहतो, बदल आतल्या आत होतो. आर्मी पोस्टल सर्व्हिस १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोर आहे, आणि तिच्या कामाचा अर्धा जीव या एका गोष्टीत आहे: पत्र पोचलं पाहिजे, पण पाठवणाऱ्याला जागा कळता कामा नये.

माझ्या आईला कित्येक वर्षं वाटायचं की छप्पन एपीओ नावाचं एक गाव आहे आणि तिथे थंडी फार पडते. मी तीन वेगवेगळ्या राज्यांत फिरलो, तिच्या लेखी मी छप्पनलाच होतो. आम्ही हसायचो, पण पत्त्याची व्यवस्था नेमकी अशीच चालावी अशी अपेक्षा असते.

आता त्या पार्सलात टॅग ठेवा. पार्सल आत जातं, आणि जागा उलट्या वाटेने बाहेर येते. एपीओच्या पत्त्याने जे झाकलं होतं ते तुमच्या फोनच्या नकाशावर एक ठिपका होऊन बसतं.

हे होतं कसं, ते नीट समजून घ्या, कारण इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. टॅगमध्ये जीपीएस नसतो, सिमकार्ड नसतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आलेला ॲपलचा पहिला एअरटॅग घ्या: दहाच्या नाण्याहून जरा मोठा, ११ ग्रॅमचा, आत घड्याळात घालतात तसला सीआर२०३२ सेल, आणि तो वर्षभर पुरतो. मालकापासून लांब गेला की तो दर दोनेक सेकंदांनी ब्लूटूथवर एक बारीकशी हाक देत राहतो. आपण कुठे आहोत हे त्याला स्वतःला माहीत नसतं. जवळून जाणारा कोणाचाही आयफोन ती हाक ऐकतो, स्वतःच्या जीपीएसवरून स्वतःची जागा बघतो आणि 'हा टॅग मला इथे ऐकू आला' एवढा निरोप कुलूपबंद करून वर पाठवतो. कुलपाची किल्ली फक्त मालकाकडे असते, कंपनीलाही तो निरोप वाचता येत नाही. ज्याच्या फोनने निरोप दिला त्याला तर काहीच कळत नाही. गूगलचं असंच जाळं २०२४ पासून अँड्रॉइड फोनांवर सुरू झालं, सॅमसंगचं वेगळं आहे, आणि आपल्याकडे जिओने ॲपलच्या आणि गूगलच्या अशा दोन्ही जाळ्यांवर चालणारे टॅग काढले आहेत.

म्हणजे, ताई, तुमच्या मुलाची जागा तुम्हाला टॅग सांगणार नाही. ती सांगेल त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या जवानाचा फोन, त्या जवानाला न विचारता. माझ्या मते सगळ्यात खटकणारी गोष्ट ही आहे.

आता 'परिस्थितीवर अवलंबून' म्हणजे काय ते सांगतो. मुलगा जिथे आहे तिथे फोन चालत नसतील, जमा करून ठेवले असतील, तर टॅग रिकाम्या खोलीत हाका मारत बसेल. पण नेटवर्क नाही म्हणून निर्धास्त राहू नका. फोन ऐकलेली हाक वेळेसकट साठवून ठेवू शकतो आणि नंतर नेट मिळालं की पाठवतो. डोंगरावरच्या चौकीत ऐकलेलं खालच्या बाजारात येऊन सांगितलं जाऊ शकतं. टॅग ॲपलच्या जाळ्यावरचा असेल तर आसपास ॲपलचीच उपकरणं हवीत, आणि आपल्या बराकींत अँड्रॉइडचं राज्य आहे. गूगलच्या जाळ्यात मूळ सेटिंग असं असतं की वर्दळीच्या जागी अनेक फोनांनी ऐकलं तरच जागा दाखवायची. घराघरांच्या बाबतीत हा शहाणपणाचा आडसर आहे. पण बराक म्हणजे वर्दळच की. एका खोलीत वीस जण आणि वीस फोन.

डब्याचंही एक सांगतो, कारण 'स्टीलच्या डब्यात ठेवला तर सिग्नल जाणारच नाही' असं मला एकाने ठासून सांगितलं होतं. मी घरी करून बघितलं. ओट्यावर टॅग ठेवला आणि दिवाणखान्यातल्या फोनवर स्कॅनर लावला: उणे ५८. (हा आकडा शून्याच्या जेवढा जवळ, तेवढा सिग्नल जोरात.) मग टॅग बेसनाच्या लाडवांमध्ये खोचून स्टीलच्या डब्याचं झाकण दाबून लावलं: उणे ८१. पडला, पण मेला नाही, झाकणाच्या फटीतून येत होता. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलचे दोन वेढे दिले तेव्हा पूर्ण गप्प झाला. फॉइलच्या घडीला नखाएवढी चीर पडली आणि परत बोलायला लागला. सौ. म्हणाली, लाडवांचं काय करायचं आता? खाल्ले. तेव्हा डब्यावर विसंबू नका, आणि उलट बाजूने, डबा आहे म्हणून आत टॅग नसेल असं तपासणाऱ्यानेही धरू नये.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली आहे. तुम्ही म्हणाल, जागा मलाच दिसणार, मी काय शत्रू आहे? नाही. पण टॅग जोडला जाणार भाच्याच्या फोनला, कारण तो आणणारा तोच. ॲपलचा टॅग २०२३ पासून आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येतो. २०२४ च्या शेवटी हरवलेल्या वस्तूची जागा लिंकने दुसऱ्याला दाखवायची सोय आली, विमानतळावर हरवलेल्या बॅगांसाठी. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी आपल्या घरांत काय होतं ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पार्सल पोचल्याचा ठिपका दिसला की भाचा स्क्रीनशॉट घेणार आणि 'दादाचा चिवडा पोचला' म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणार. ग्रुपमध्ये चौतीस माणसं, त्यातली चार कोण हे कोणालाच आठवत नाही. तिथून तो सोसायटीच्या ग्रुपवर जाईल, अभिमानानेच जाईल. वर दादाचं नाव, पार्सलवर युनिटचं नाव, नकाशावर जागा. तिन्ही गोष्टी एका चित्रात. इतकं सोपं काम हेरालाही कोणी करून देत नाही.

इथवरचं एका वाक्यात: टॅगमुळे युनिटचं नाव आणि युनिटची जागा यांची गाठ पडते, आणि एपीओचा पत्ता ती गाठ पडू नये म्हणूनच असतो.

आता दुसरा प्रश्न, वाईट हेतूचा. हे कल्पनेतलं नाही. जर्मनीत लिलिथ विटमान या संगणक-कार्यकर्तीला एका सरकारी कार्यालयाबद्दल संशय होता. कागदोपत्री ते दूरसंचाराचं साधं खातं, पण मागे गुप्तचर संस्था असावी असं तिला वाटत होतं. तिने त्या पत्त्यावर टपालातून एअरटॅग धाडला, आणि तो देशांतर्गत गुप्तचर यंत्रणेच्या जागी पोचलेला तिला नकाशावर दिसला. २०२२ च्या जानेवारीत तिने हे सगळं जाहीर केलं. कुलूप तोडलं नाही, कोणाला फितवलं नाही, पोस्टाचं तिकीट लावलं. फौजेच्या पत्त्यावर हाच प्रयोग करायला काय लागतं? युनिटचं नाव, पिन आणि हजार-दीड हजार रुपये. दहा पत्त्यांवर दहा पाकिटं पाठवली आणि त्यातली दोनच बोलली, तरी पाठवणाऱ्याचे पैसे वसूल.

आणि एक ठिपका मिळतो एवढंच नाही. टॅग वाटेत दहा ठिकाणी ऐकू येतो. पार्सल कोणत्या स्टेशनावर उतरलं, कुठल्या आवारात दोन रात्री पडून राहिलं, पुढे कोणत्या वारी गाडी सुटली. अशी दोन-चार पाकिटं गेली की पुरवठ्याची वाट आणि तिचं वेळापत्रक कोणीही मांडू शकतं. पाकीट कोणी टाकून दिलं नाही, एखादं छानसं की-चेन म्हणून पिठ्ठूला (पाठीवरच्या पिशवीला) अडकवलं, तर सेल संपेपर्यंत ते युनिटबरोबर फिरतं. स्ट्रावाचं प्रकरण आठवत असेल. व्यायामाची नोंद ठेवणारं ॲप. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जगभरच्या धावपटूंचा एक नकाशा काढला आणि २०१८ च्या जानेवारीत एका ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की वाळवंटातल्या लष्करी तळांवरच्या सैनिकांच्या धावण्याच्या वाटा त्यात लखलखताहेत. तिथे सैनिकांनी घड्याळं स्वतः घातली होती. आपल्याकडे २०२० च्या जुलैमध्ये लष्कराने ८९ ॲप फोनमधून काढायला लावली, तीही जवानाच्या स्वतःच्या फोनमधली. टॅगचं वेगळेपण हे की जवानाने काहीच केलेलं नसतं. त्याला कोणीतरी भेट पाठवलेली असते.

'पण फोन इशारा देतो ना?' हे विचारलं जाणारच. देतो. एखादा अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरत असेल तर आयफोन पहिल्यापासून सांगतो, आणि २०२४ च्या मेपासून ॲपल आणि गूगलने मिळून ठरवलेल्या रीतीने अँड्रॉइडही दुसऱ्याच्या जाळ्यावरचा टॅग ओळखतो. शिवाय मालकापासून दूर राहिलेला एअरटॅग ८ ते २४ तासांनंतर हलवला की स्वतः वाजतो. सुरुवातीला हा अवधी तीन दिवसांचा होता, ओरड झाल्यावर कमी केला. पण ही सगळी योजना एका बाईच्या मागे लागलेल्या माणसाला पकडण्यासाठी आहे. तिथे टॅग आणि फोन दिवसभर बरोबर असतात. टपालाची थैली कोणा एकाच्या फोनबरोबर फिरत नाही: हमाल, गाडी, सॉर्टिंग, दुसरी गाडी. प्रत्येक फोनला तो टॅग थोडाच वेळ दिसतो, त्यामुळे संशय येत नाही. वाजलाच तर पन्नास पार्सलांच्या ढिगात, गाडीच्या घरघरीत कोण ऐकतो? स्पीकर काढून टाकलेले टॅग इंटरनेटवर विकायला आले होते. आणि नियम न पाळणारे घरगुती टॅग बनवता येतात हे जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी २०२१ मध्येच उघड करून दाखवलंय.

माझ्या कामातला अनुभवही तसाच आहे. एका वकिलाने पाठवलेल्या बाई आल्या, नवऱ्यापासून वेगळ्या राहत होत्या, नवरा बरोबर तिथे तिथे हजर व्हायचा. गाडी तपासली, काही नाही. मग मुलाचं दप्तर टेबलावर घेतलं. दप्तराच्या पाठीकडचं अस्तर उसवून परत शिवलं होतं, दोऱ्याचा रंग एक छटा वेगळा. आत टॅग. बाईंच्या फोनने कधी इशारा दिला नव्हता, कारण बॅटरी वाचवायला त्या ब्लूटूथ आणि लोकेशन दोन्ही बंद ठेवायच्या. मी यंत्र लावायच्या आधी तो दोराच सगळं सांगून गेला. टपालातही असंच असतं: मांजरपाटाचं शिवलेलं पार्सल असेल तर शिवण बघायची, खोक्याचा तळ दुहेरी वाटतोय का बघायचं, कार्ड असेल तर बोटांत धरून वाकवायचं.

कार्डाचं लिहितो, कारण तिथे खरी मेख आहे. क्रेडिट कार्डाएवढे चपटे टॅग आता सर्रास मिळतात, पाकिटात ठेवायला काढलेले. ते शुभेच्छापत्राच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये सहज बसतात. पार्सल एक्स-रेखाली घालायची सवय सगळ्यांना असते, साध्या लिफाफ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. आणि एक्स-रेत दिसलं तरी काय दिसणार? एक गोल सेल आणि थोडी सर्किटची जाळी. उघडलं की 'हॅपी बर्थ डे' वाजणाऱ्या कार्डातही नेमकं तेच दिसतं. मी असतो तर नियम एका ओळीचा केला असता: ज्या पाकिटात सेल आहे ते पाकीट पुढे जाणार नाही, मग त्यातून गाणं वाजो की न वाजो. जवानाच्या मुलीने पाठवलेलं गाणारं कार्ड अडेल, वाईट वाटेल. तिला साधं कार्ड पाठवायला सांगता येतं.

आत्ता कुठे काय तपासतात हे मी इथे लिहिणार नाही, ते लिहायची ही जागा नाही. पण तपासणी कशी असावी यावर माझं मत पक्कं आहे. ती युनिटच्या दारात नको. दारात टॅग सापडला तर तो तिथवर बोलत बोलतच आलेला असतो. तपासणी जेवढी मागे न्याल तेवढी बरी, जी जागा तशीही सगळ्यांना माहीत आहे तिथे. शहरातल्या मोठ्या टपाल ऑफिसचा ठिपका नकाशावर पडला तर कोणाचं काही जात नाही. पाकीट उघडण्याचा अधिकारही कायद्यात आहे: २०२३ चा पोस्ट ऑफिस कायदा, १८ जून २०२४ पासून लागू, त्याच्या कलम ९ मध्ये देशाच्या सुरक्षेसाठी टपाल अडवण्याची आणि उघडण्याची तरतूद आहे.

शोधायची रीत फार महागडी नाही. थैली एका लोखंडी खोलीत किंवा जुन्या मालवाहू कंटेनरमध्ये ठेवायची, दार लावायचं, म्हणजे बाहेरच्या जगातल्या शेकडो ब्लूटूथ हाका बंद होतात. आत फक्त स्कॅनर आणि टपाल. मग जे काही बोलतंय ते थैलीतलंच. अर्धा तास ऐकत राहायचं. पार्सलं एकेक करून स्कॅनरजवळ आणायची, आकडा उणे ७५ वरून उणे ४५ वर उडी मारेल तेच पार्सल. मोकळ्या खोलीत हेच करायला जाल तर शेजारच्या घड्याळांचा, इअरफोनचा, टीव्हीचा एवढा कालवा असतो की डोकं फिरतं. मी सुरुवातीला एका ऑफिसात दोन तास एका 'संशयित' सिग्नलच्या मागे होतो, शेवटी तो साहेबांच्या कानयंत्राचा निघाला. एवढं करूनही झोपलेला टॅग ऐकू येणार नाही. काही उपकरणं ठरावीक वेळेनंतरच जागी होतील अशी करता येतात. म्हणून कान आणि एक्स-रे दोन्ही लागतात.

जहाजाचं थोडं निराळं. नौदलाचं टपाल फ्लीट मेल ऑफिसमार्फत जातं, आणि जहाज बंदराला लागलं की थैल्या चढतात. पोलादी भिंतींतून ब्लूटूथ जात नाही, खालच्या डेकवर फोनला जीपीएसही मिळत नाही. पण टपाल वाटलं जातं तेव्हा लोक वर असतात, बंदराचं नेटवर्क चालू असतं, आणि तेवढं पुरतं. खोल समुद्रात टॅग गप्प, किनारा दिसला की परत बोलका. जहाज बंदर सोडून कधी गेलं आणि कोणत्या बंदराला लागलं, एवढं कळलं तरी बरंच कळलं.

फोनांबद्दल जवानांसाठी दोन ओळी, मुलाला पाठवा हव्या तर. टपाल वाटायच्या जागी फोन नकोत, हा सगळ्यात स्वस्त उपाय, कारण कान नसतील तर हाकेचा उपयोग नाही. फोन हवाच असेल तर ब्लूटूथ सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करायचं. आयफोनवर वरून खाली ओढलेल्या पट्टीतलं बटण दाबून ते पूर्ण बंद होत नाही, नुसती जोडलेली यंत्रं सुटतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. विमान मोडमध्येही ब्लूटूथ चालू राहू शकतं. हे मी चांगल्या शिकल्यासवरल्या अधिकाऱ्यांना सांगितलंय आणि त्यांनी माझ्यासमोर फोन काढून खात्री करून घेतलीय.

आणि टॅग सापडलाच तर? पहिली ऊर्मी सेल काढून फेकायची असते. घरी, दप्तरात सापडला तर आधी फोटो काढा, मग तो एनएफसी (नुसतं टेकवून पैसे भरता येतात ती सोय) असलेल्या फोनच्या पाठीला लावा. एअरटॅग असेल तर त्याचा अनुक्रमांक दिसतो, पोलिसांना त्यावरून मालक गाठता येतो. युनिटमध्ये मात्र तिथल्या तिथे सेल काढणं चूक. टॅग जिथे शेवटचा ऐकू आला तो नकाशावरचा शेवटचा ठिपका, आणि 'इथे आल्यावर तो गप्प झाला' हीसुद्धा पाठवणाऱ्याला मिळालेली बातमीच. आधी सुरक्षेच्या माणसाला कळवायचं आणि पुढचं त्याच्यावर सोडायचं. कोणाच्या घरून आलेल्या पार्सलात सापडला तर त्या जवानाला गुन्हेगार समजू नये, हेही सांगतो. नव्वद टक्के वेळा मागे एखादी आई असेल, नाही तर भाचा.

आता तुमचं पार्सल, ताई. भाच्यावर रागावू नका. टॅग स्कूटरच्या किल्लीला लावा, कामाची वस्तू आहे. पार्सल स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा. एपीओच्या पत्त्यावरचं ट्रॅकिंग एका टप्प्यानंतर पुढे सरकत नाही असं दिसलं तर घाबरू नका, त्याचा अर्थ पार्सल हरवलं असा नाही, ते आतल्या हातांत गेलं असा आहे. दिवाळीच्या आठवड्यात टाकू नका, महिनाभर आधी टाका. ऐन दिवाळीत थैल्यांवर थैल्या चढलेल्या असतात आणि गेल्या वर्षी तुमचं पार्सल बहुधा त्यातच कुठे दबलं. पत्ता कापडावरही लिहा आणि आत एका चिठ्ठीवरही, कापड फाटलं तर चिठ्ठी कामाला येते. चकली चिवड्याबरोबर भरू नका, चुरा होतो. लाडू सगळ्यात खाली.

एक जुनी रीत सांगतो, आमच्या वेळी घरोघरी होती. पत्रांना नंबर घालायचे. आई कोपऱ्यात १४ लिहायची, मला १३ नंतर थेट १५ मिळालं की मी लिहायचो, 'चौदावं आलं नाही'. काय हरवलं ते दोघांनाही कळायचं आणि मी कुठे आहे ते टपालात कोणालाच कळायचं नाही. मुलाला फोनवर सांगून ठेवा, पार्सल मिळालं की नुसता आकडा कळव. या वर्षीच्या पार्सलातल्या चिठ्ठीवर १ घाला.